म्हातारपणी हातांना काम हवे

‘आता वय झाले, आराम करा.’ आपल्याकडच्या घराघरांत हे वाक्य प्रेमाने म्हटले जाते. आजीच्या हातातली विळी सून काढून घेते, आजोबांच्या हातातले खुरपे मुलगा काढून घेतो. हेतू चांगलाच असतो. पण हातातले काम गेले की माणसाच्या दिवसातून आणखी काय काय जाते, याचा विचार फारसा होत नाही.

वटार, नाळे, निर्मळ, राजोडी या वसईच्या पश्चिम पट्ट्यात तो विचार होणे विशेष गरजेचे आहे. इथल्या वाड्यांतली पिके बोटांनी पिकवलेली आहेत. मोगऱ्याची कळी उमलण्याआधी खुडायची, ती दबता कामा नये. चाफा देठासकट काढायचा. नागवेलीची पाने मोजून एकावर एक लावायची, भाजीची जुडी बांधायची. पहाटेच्या लोकलने दादरच्या बाजारात जाणाऱ्या फुलांच्या टोपल्यांमागे अशी हजारो बारीक हालचालींची मेहनत असते. आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या पिढीने हे काम लहानपणापासून केले. आता वाड्या कमी होत चालल्या आहेत, इमारती जवळ येत आहेत आणि त्या पिढीचे हात दूरदर्शनसमोर मांडीवर पडून राहू लागले आहेत.

बोटे आणि मेंदू यांचे नाते शास्त्राला जुने आहे. कॅनडातील मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी 1930 च्या दशकात जाग्या रुग्णांच्या मेंदूला सौम्य विद्युतस्पर्श देऊन शरीराचा नकाशा तयार केला. त्यात हाताला, विशेषतः अंगठा आणि बोटांना, मिळालेली जागा त्यांच्या आकाराच्या मानाने फार मोठी निघाली. गजरा बांधताना डोळा कळी शोधतो, स्पर्श तिचा ताजेपणा जोखतो, दोन्ही हात वेगवेगळी कामे करतात आणि मन गाठींचा हिशेब ठेवते. एवढ्या गोष्टी एकाच वेळी जुळवण्यासाठी मेंदूचे अनेक भाग कामाला लागतात.

म्हणूनच ‘रोज दहा मिनिटे बोटांचा व्यायाम करा, विसरभोळेपणा पळवा’ असे संदेश मोबाइलवर फिरू लागले की ते पटकन पटतात. इथे थोडे थांबायला हवे. ज्यांची बोटे चपळ असतात त्यांची स्मृती आणि लक्षही बरे असते, असे अनेक पाहण्यांत दिसले आहे. पण बोटे चालतात म्हणून मेंदू तल्लख राहतो, की मेंदू तल्लख आहे म्हणून बोटे चालतात? या पाहण्यांवरून त्याचा निवाडा होत नाही. व्यायाम देऊन केलेले प्रयोग बहुतेक लहान आणि थोड्या काळाचे आहेत. बोटांच्या व्यायामाने स्मृतिभ्रंश टळतो असे छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

मग हाती काय उरते? बरेच काही. जर्मनीतील संशोधकांनी साठीच्या आसपासच्या लोकांना तीन चेंडू झेलायची कसरत शिकवली. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात तीन महिन्यांच्या सरावानंतर मेंदूच्या काही भागांत करड्या द्रव्याची वाढ दिसली. सराव थांबल्यावर ती ओसरली. म्हणजे म्हातारा मेंदूही बदलतो, मात्र सराव चालू ठेवावा लागतो. अमेरिकेत डेनिस पार्क यांच्या गटाने 60 ते 90 वयाच्या 221 जणांवर केलेला प्रयोग 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना तीन महिने, आठवड्याला सुमारे पंधरा तास, गोधडी शिवणे किंवा डिजिटल छायाचित्रण शिकवले, तर काही जण नुसते एकत्र जमून गप्पा-सहलींत रमले. नवे आणि अवघड कौशल्य शिकणाऱ्यांची स्मृती सुधारली. छायाचित्रण शिकणाऱ्यांत हा फायदा अधिक स्पष्ट होता.

यातून निघणारा धडा साधा आहे. सवयीचे काम हाताची ताकद, स्वाभिमान आणि सोबत टिकवते. ते काढून घेऊ नये. मेंदूला मात्र त्यात थोडी नवी अडचण हवी. चाळीस वर्षे एकाच पद्धतीने गजरा बांधणाऱ्या आजींनी वेगळ्या बांधणीची वेणी शिकावी. आजोबांनी नातवाकडून मोबाइलवर वाडीतल्या फुलांचे फोटो काढायला शिकावे आणि बदल्यात त्याला जुडी बांधायला शिकवावे. शिकवणे हासुद्धा मेंदूचा चांगला व्यायाम आहे.

ज्यांच्या घरी वाडी नाही, त्यांनाही हे जमेल. अंगठ्याने चारही बोटांची टोके क्रमाने शिवावीत, मग उलट क्रमाने. जमू लागले की उजव्या हाताने सुलट आणि डाव्याने उलट, एकाच वेळी. डोळे मिटून वाटीतले वाटाणे, राजमा आणि चवळी नुसत्या स्पर्शाने वेगळी करावी. डाव्या हाताने नाव लिहून पाहावे. फार सोपे वाटू लागले की प्रकार बदलावा. सांधे दुखत असतील तर कोमट पाण्यात हात शेकून हळू सुरुवात करावी. दुखणे वाढले तर थांबावे. हे चार जणांत बसून, हसत-चुकत केले तर आणखी चांगले.

बोटे आपल्याला इशाराही देतात. नेहमीची गुंडी लावता येईना, अक्षर बारीक होत चालले, स्वस्थ बसल्यावर हात थरथरू लागला, तर ‘वयाचे आहे’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे. एका हाताची ताकद अचानक गेली, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर ती पक्षाघाताची खूण असू शकते. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते. अशा वेळी घरगुती उपाय न करता 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

आपल्या देशात साठी ओलांडलेल्यांपैकी 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात हे प्रमाण जास्त आहे. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञगटाने 2024 मध्ये चौदा कारणे सांगितली, ज्यांवर उपाय केल्यास जगातील जवळपास 45 टक्के रुग्णांचा आजार टाळता किंवा लांबवता येऊ शकेल. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचे धूम्रपान, अति मद्यपान, कमी ऐकू येणे, कमी दिसणे, शारीरिक निष्क्रियता आणि एकटेपणा आहे. बोटांचा व्यायाम करायचा आणि रक्तदाबाची गोळी चुकवायची, हा सौदा तोट्याचा आहे. कानाचे यंत्र वापरायची लाज वाटून गप्पांतून उठून जाणेही तितकेच महाग पडते.

ज्येष्ठ नागरिक संघ, बचत गट, चर्च आणि देवळांची सभागृहे गावोगावी आहेत. आठवड्यातून दोन दुपारी तिथे ज्येष्ठांनी एकत्र बसून काही नवे हातकाम शिकावे आणि महिन्यातून एकदा तिथेच रक्तदाब, साखर, डोळे व कान तपासले जावेत, एवढी व्यवस्था करायला मोठा निधी लागत नाही. घरच्यांनी मात्र आजपासूनच एक करावे. आजी शेंगा सोलायला बसली आणि तिला वेळ लागत असेल, तर ताट उचलून नेऊ नये. जवळ बसून आपणही चार शेंगा सोलाव्यात.