थुकरटवाडीचा जिल्हा कोणता? : दूरचित्रवाणीवरील वल्ली आणि बोलीचा प्रश्न

मराठी दूरचित्रवाणीवरील प्रहसनांचे कार्यक्रम हा साहित्याच्या अभ्यासाचा विषय होऊ शकतो काय, असे विचारले असता सामान्यतः दोन उत्तरे मिळतात. ही घटकाभराची करमणूक असून तिची चिकित्सा करणे म्हणजे फुलपाखराला तागडीत घालण्यासारखे आहे, हे एक उत्तर. हा विषय समाजशास्त्राचा किंवा माध्यमविद्येचा आहे, साहित्याचा नव्हे, हे दुसरे. दोन्ही उत्तरांत एक साधी गोष्ट निसटते. ह्या कार्यक्रमांचे मुख्य द्रव्य मराठी भाषाच आहे. विक्षिप्त पात्रे निर्माण करून त्यांना आठवड्यामागून आठवडे बोलते ठेवणे हे त्यांचे काम आहे, आणि हे काम मराठी वाङ्मयात फार जुने आहे.

पैठणच्या एकनाथांनी (१५३३-१५९९) आपल्या भारुडांत आंधळा, बहिरा, मुका, जोशी, गारुडी, वासुदेव अशी सोंगे उभी केली. प्रत्येक सोंगाला त्याच्या व्यवसायाची व अवस्थेची स्वतंत्र बोलण्याची तऱ्हा दिली आणि हिंदू-तुर्क संवादात दोन भाषा समोरासमोर आणल्या. आधुनिक काळात श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी सुदामा, बंडूनाना व पांडूतात्या हे त्रिकूट निर्माण केले. पुढे गडकऱ्यांचा बाळकराम, चि. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊ अशी ही परंपरा वाढत गेली. ह्या लेखनाचा मोठा भाग नियतकालिकांशी निगडित होता, हे विसरता कामा नये. एकच पात्र पुनःपुन्हा भेटते ह्यातला आनंद नियतकालिकतेतून जन्मतो. दर महिन्याच्या अंकाची जागा दर आठवड्याच्या भागाने घेतली, एवढाच ह्या बाबतीतला फरक.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. 'गजरा'सारख्या कार्यक्रमाने छोट्या प्रहसनांची सवय लावली आणि त्याच दशकात दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे ह्यांनी चिमणराव-गुंड्याभाऊंना पडद्यावर आणले. त्या टप्प्यावरील विनोदाची भाषा प्रामुख्याने पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गाची होती. उपग्रह वाहिन्यांच्या आगमनानंतर हे चित्र पालटले. २०१४ मध्ये सुरू झालेला 'चला हवा येऊ द्या' आणि २०१८ मध्ये सुरू झालेली 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' ह्या दोन कार्यक्रमांनी नाना जिल्ह्यांतील नटांना व त्यांच्या बोलण्याच्या ढंगांना घराघरांत नेले. ही कामगिरी सामान्य नाही. परंतु जे घराघरांत गेले ते बोलीचे रूप होते की बोलीचे सोंग, हा प्रश्न आता विचारावयास हवा.

स्किट नावाच्या ह्या प्रकाराची कार्यपद्धती पाहिली तर प्रश्नाचे मूळ सापडते. दहा-बारा मिनिटांत प्रसंग उभा करावयाचा, पात्रांची ओळख द्यावयाची, हशा मिळवावयाचा आणि उतरावयाचे. लेखकाजवळ वेळ नसतो. अशा वेळी पूर्वपरिचित पात्र हे भांडवल ठरते. भाऊ कदम लुगडे नेसून शांताबाई म्हणून प्रवेश करतात किंवा नम्रता संभेराव 'लॉली' होऊन अवतरतात तेव्हा पहिले वाक्य उच्चारण्यापूर्वीच टाळी पडलेली असते. पात्राची ओळख एखाद्या पालुपदात, चालीत किंवा हेलात साठवलेली असते आणि दर भागात ती वटवली जाते. जिवंत माणसावर यांत्रिकता चढली की हसू येते, असा सिद्धान्त बर्गसाँने १९०० मध्ये मांडला. पुनरावृत्त पात्राच्या बाबतीत तो तंतोतंत लागू पडतो. पण तो लागू पडण्यासाठी यांत्रिकतेच्या खाली जिवंत माणूस शिल्लक असावा लागतो. पु. ल. देशपांडे ह्यांचा सखाराम गटणे पुस्तकी बोलतो म्हणून हसू येते, आणि त्या पुस्तकी भाषेच्या आत एक भाबडा मुलगा कोंडलेला आहे हे जाणवते म्हणून ते हसू टिकते. अंतू बर्वा रत्नागिरीचा आहे. त्याचे तिरकस बोलणे त्या गावाच्या वैराण दुपारींतून आणि दारिद्र्यातून आलेले आहे. दोघांनाही पत्ता आहे.

'चला हवा येऊ द्या'चे गाव थुकरटवाडी. ह्या गावाला जिल्हा नाही. काल्पनिक गाव असण्यात गैर काहीच नाही; इंग्रजी दूरचित्रवाणीवरही अशी गावे आहेत. प्रश्न गावाच्या नकाशाचा नसून त्याच्या भाषेचा आहे. थुकरटवाडीत कोल्हापुरी 'रांगडेपणा', वऱ्हाडी हेल, कोकणी अनुनासिक आणि कुठलीच नसलेली एक 'गावठी' मराठी एकाच चावडीवर नांदतात. नट आपापल्या घरून जे आणतो ते तो बोलतो. उरलेल्या जागा ह्या सर्वसाधारण गावठीने भरल्या जातात. लातूर-नांदेडकडील 'करूलालाय' आणि जालन्याकडील 'कामून' ह्यांच्यात जे अंतर आहे, ते ह्या गावठीत उरत नाही. मग बोली ही एका प्रदेशाची, जातीची, पिढीची, व्यवसायाची खूण राहत नाही; ती केवळ 'आता हसा' अशी सूचना होते.

ह्या निर्जिल्हा भाषेची पारख करावयाची तर ती एखाद्या खऱ्या चौकात नेऊन पाहावी. छत्रपती संभाजीनगरातील, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेतील, शहागंज ही त्यासाठी योग्य जागा आहे. घड्याळाचा मनोरा, जुनी मशीद, चमन आणि सभोवतालचा बाजार अशा ह्या परिसरात खेड्यांतून आलेला शेतकरी, दखनी बोलणारा दुकानदार, मारवाडी व्यापारी आणि नव्या वसाहतींतून खरेदीस आलेले कुटुंब ह्यांची रोज गाठ पडते. वली आणि सिराज ह्यांच्या ह्या शहरात, निजामाच्या राज्यात १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत कारभाराची भाषा उर्दू असलेल्या ह्या प्रदेशात, भाषांची देवघेव नवी नाही. दखनीने मराठीतला 'नको' उचलून 'नक्को' केला. निश्चयार्थक 'च'सुद्धा तिने मराठीतून घेतला आणि 'ऐसाच' म्हणू लागली. मराठवाड्याच्या मराठीनेही उलट बाजूने तितकेच घेतले.

येथे विनोदाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की शहागंजात एका माणसाला एकच भाषा नसते. तोच विक्रेता एका गिऱ्हाइकाशी दखनीत बोलतो, दुसऱ्याशी मराठवाडी मराठीत, तिसऱ्याने टापटिपीची मराठी वापरताच स्वतःही सावरून बोलतो आणि घासाघीस फिसकटली की पुन्हा पहिल्या भाषेत उतरतो. ह्या उतरण्या-चढण्यात अदब आहे, कावा आहे, मानापमान आहे आणि पुष्कळ विनोद आहे. स्किटमधील पात्राला हे करता येत नाही. त्याला एक हेल नेमून दिलेला असतो आणि तो त्याने जिल्हाधिकाऱ्यापुढे, बायकोपुढे व चोरापुढे सारखाच वापरावयाचा असतो. जो माणूस कोणापुढेही भाषा बदलत नाही, तो विक्षिप्त ठरण्यापूर्वीच अवास्तव ठरलेला असतो. आणि शहागंजात पावलोपावली आढळणारा, दखनी व मराठी दोन्ही आपल्याच मानणारा मराठवाड्यातील मुसलमान मराठी प्रहसनांत क्वचितच भेटतो. त्याच्या जागी मुंबईच्या चित्रपटांतून उसनी आणलेली एक ठरीव हिंदी येते.

ह्याच शहरात ह्याहून निराळे काही घडून गेलेले आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात अध्यापन केलेल्या लक्ष्मण देशपांडे (१९४३-२००९) ह्यांनी १९७९ पासून 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा एकपात्री प्रयोग केला. एका नटाने बावन्न पात्रे उभी करावयाची आणि मराठवाड्यातील एक खेडवळ गोतावळा लग्नासाठी विमानाने लंडनला न्यावयाचा, असा हा प्रकार. येथेही पात्रे विक्षिप्त आहेत, येथेही लकबी व पालुपदे आहेत. तरीही ह्या प्रयोगाचा परिणाम वेगळा होतो. सर्व पात्रे एकाच कंठातून येत असल्याने त्यांच्यातील वेगळेपण वेशभूषेवर सोपविता येत नाही. वय, लिंग, नाते आणि मानपान हे सारे भाषेतच घडवावे लागते. एकाच गावच्या बावन्न माणसांना बावन्न तऱ्हांनी बोलावयास लावणे म्हणजे 'ग्रामीण भाषा' नावाची एकजिनसी वस्तू अस्तित्वात नाही, हे सिद्ध करणेच होय. शिवाय लंडन आणि विमान ह्यांच्याकडे ही माणसे आपल्या बोलीतून पाहतात. पाहणारी बोली आणि पाहिली जाणारी बोली ह्यांतील हा भेद निर्णायक आहे.

आजच्या कार्यक्रमांच्या बाजूने काही मुद्दे मांडता येतील आणि ते न्याय्य आहेत. भारत गणेशपुरे ह्यांच्या वऱ्हाडी बोलण्याने विदर्भाबाहेरच्या प्रेक्षकाला त्या बोलीची गोडी लावली. गौरव मोरे ह्यांनी 'फिल्टरपाड्याचा बच्चन' म्हणून स्वतःची ओळख रुजविली, तेव्हा पवईतील एका वस्तीचे नाव हास्याच्या मंचावर अभिमानाने उच्चारले गेले. तेथे पात्राला पत्ता होता. अरविंद जगताप ह्यांनी लिहिलेली आणि सागर कारंडे ह्यांनी पोस्टमनच्या वेषात वाचलेली पत्रे तर ह्याच थुकरटवाडीत सादर झाली, आणि हसणारे प्रेक्षागृह त्यांनी स्तब्ध केले. ह्या उदाहरणांवरून एवढेच सिद्ध होते की माध्यमाच्या मर्यादा हे संपूर्ण उत्तर नव्हे. दहा मिनिटांतही माणूस उभा करता येतो. तो कोठून बोलतो हे लेखकाला ठाऊक असावे लागते.

दखनीच्याच संदर्भात हैदराबादचे उदाहरण उद्बोधक आहे. २००५ च्या सुमाराच्या 'द अंग्रेज' ह्या चित्रपटातील इस्माईलभाई व सलीम फेकू ही पात्रे चारमिनारच्या आसपासच्या अड्ड्यावर बसून हैदराबादी दखनी बोलतात. ती फुशारकी मारणारी व आळशी आहेत, त्यांची भरपूर थट्टाही होते; पण चौक त्यांचा आहे आणि गोंधळ परदेशातून परतलेल्यांचा होतो. ह्याच्या उलट बाजूस बीबीसीवर २००३ मध्ये आलेल्या 'लिटल ब्रिटन'चा धडा आहे. विक्षिप्त आवर्ती पात्रांचा हा कमालीचा लोकप्रिय कार्यक्रम २०२० मध्ये बीबीसीने आपल्या मागणीनुसार पाहण्याच्या सेवेवरून काढून घेतला, कारण चेहरा रंगवून साकारलेली त्यातील काही पात्रे काळाच्या कसोटीस उतरली नाहीत. एका समूहाचे बाह्य चिन्ह तेवढे उचलून हशा मिळविला की तो हशा लवकर शिळा होतो. मराठीत रंगाची जागा बऱ्याचदा बोली घेते.

ह्यात पणाला लागलेली गोष्ट केवळ कार्यक्रमांचा दर्जा नाही. फुलंब्री, अंबड किंवा कन्नडच्या खेड्यातून महाविद्यालयात आलेला विद्यार्थी वर्गात तोंड उघडतो, तेव्हा त्याचा शब्द त्याच्या आधीच पडद्यावरून येऊन बसलेला असतो. त्याच्या घरी आजी ज्या उच्चाराने हाक मारते तो उच्चार इतरांना एखाद्या वल्लीची आठवण करून देतो आणि वर्ग हसतो. हसणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नसतो. तरीही पुढच्या वेळी तो विद्यार्थी प्रमाण मराठीची दोन वाक्ये पाठ करून येतो किंवा गप्प बसतो. प्रमाणभाषेच्या दडपणाने जे होत होते तेच आता कौतुकाच्या वाटेने होते, आणि कौतुकाविरुद्ध तक्रार करणे कठीण असते.

मराठी विभागांनी ह्याबाबत काय करावे? निषेधाची पत्रके काढण्याची आवश्यकता नाही. विनोदाला परवाना लागू नये. मात्र आपल्या अभ्यासक्रमांत 'सुदाम्याचे पोहे' आणि 'व्यक्ती आणि वल्ली' ह्यांना जागा आहे, तर त्यांच्या ह्या वारसदारांनाही परीक्षेला बसविले पाहिजे. एम. ए.च्या विद्यार्थ्याने एका आवर्ती पात्राचे वीस भाग निवडावेत. ते पात्र कोणापुढे कोणती भाषा बोलते, त्याचे शब्द कोणत्या तालुक्यात खरोखर ऐकू येतात, त्याला कोण सुधारतो आणि हशा नेमका कोणत्या शब्दावर येतो, ह्याची नोंद करावी. आणि दुसऱ्या वहीत त्याने शहागंजातील एका सकाळची नोंद करावी: एक विक्रेता, वीस गिऱ्हाइके, बदलत जाणारे संबोधन. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या म्हणजे थुकरटवाडीचा जिल्हा हरवला की जाणूनबुजून पुसला गेला, ह्याचा निर्णय करता येईल. ह्या कामासाठी मोठ्या अनुदानाची गरज नाही. विद्यापीठापासून शहागंज फार दूर नाही, आणि ज्याला तेथली भाषा येते असा विद्यार्थी बहुधा वर्गाच्या शेवटच्या बाकावर गप्प बसलेला आहे.