'बर्सा' विचारते, आपण ऐकतो का?

'बर्सा' म्हणजे चेहरा न झाकलेली बाई. खदीजा मुम्ताज यांच्या २००७ च्या मल्याळम कादंबरीचं हे नाव. लेखिका स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ. या कादंबरीला २०१० मध्ये केरळ साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

नायिका सबिताही डॉक्टर. रशीदशी लग्न करताना ती इस्लाम स्वीकारते आणि दोघं नोकरीसाठी सौदीला जातात. हॉस्पिटलमध्ये बायकांचे जीव तिच्या हाती, दाराबाहेर पाऊल टाकलं की मात्र कपड्यांपासून वागण्यापर्यंत सगळे नियम दुसऱ्यांचे. तरी ती धर्माला शिव्या देत सुटत नाही. मन लावून वाचते, मग विचारते: हे बंधन मूळ धर्माचं, की पुरुषांनी लावलेल्या अर्थाचं?

आपल्या कॉलेज ग्रुपवर बुरख्याचा विषय निघाला की दोनच पार्ट्या पडतात, 'काढा' आणि 'घाला'. जिच्या अंगावर तो आहे, तिला विचारतो कोण? (मीसुद्धा फटकन मत ठोकून मोकळी व्हायचे.) १९६६ साली हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला, तेव्हा त्या बायका स्वतः तलाकबद्दल बोलायला रस्त्यावर आल्या होत्या. फक्त सात!

'बर्सा'चं इंग्रजी भाषांतर आहे. लायब्ररीत नसेल तर मागणी नोंदवा.