डीएफसी प्राग ‘परदेशी’ कोणासाठी?

१/ फुटबॉलच्या रंजक माहितीत एक वाक्य नेहमी फिरत असते : ‘जर्मन अजिंक्यपदाच्या पहिल्याच अंतिम सामन्यात एक परदेशी संघ खेळला होता.’ हा संघ म्हणजे डीएफसी प्राग. संघाचे नाव बरोबर आहे, ‘परदेशी’ हे विशेषण मात्र चुकीचे आहे. ही चूक निरुपद्रवी नाही. तिच्यामुळे एका संपूर्ण समाजाचा इतिहास बेवारस ठरतो. #थ्रेड

२/ आधी घटनाक्रम पाहू. डॉइचर फुसबाल-क्लब प्राग, म्हणजे ‘जर्मन फुटबॉल क्लब, प्राग’, १८९६ मध्ये स्थापन झाला. प्राग तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातील बोहेमियाची राजधानी होती. शहरात जर्मन बोलणारे दहा टक्क्यांहूनही कमी होते आणि त्यांत ज्यूंचे प्रमाण मोठे होते. क्लबचे संस्थापक आणि सभासद प्रामुख्याने याच जर्मनभाषक ज्यू समाजातील होते.

३/ जानेवारी १९०० मध्ये लाइपझिग येथे जर्मन फुटबॉल महासंघ स्थापन झाला. त्याचे पहिले अध्यक्षपद प्रागच्या प्रतिनिधीकडे गेले : फर्डिनांड ह्युप्पे, रॉबर्ट कॉख यांचे शिष्य आणि प्रागच्या जर्मन विद्यापीठातील प्राध्यापक. ज्या संस्थेचा पहिला अध्यक्षच प्रागहून आला, तिच्या स्पर्धेत प्रागचा संघ ‘परदेशी’ कसा?

४/ १९०३ च्या त्या स्पर्धेत उपांत्य फेरीचा प्रतिस्पर्धी होता कार्ल्सरूहे. सामना पुढे ढकलल्याची बनावट तार त्या संघाला मिळाली, तो आलाच नाही आणि प्राग एकही सामना न खेळता अंतिम फेरीत पोहोचला. ३१ मे रोजी आल्टोना येथे व्हीएफबी लाइपझिगने प्रागला ७-२ असे हरवले. तारेचा किस्सा सर्वांना आठवतो. त्या संघात कोण होते, हे कोणी विचारत नाही.

५/ १९०४ मध्ये फिफाची स्थापना झाली. जर्मन महासंघ तिचा सदस्य झाला आणि सदस्यत्वाची सीमा राज्याच्या सीमेशी जुळवावी लागली. प्रागचे क्लब त्यामुळे बाहेर पडले. म्हणजे डीएफसी ‘परदेशी’ ठरला तो अंतिम सामन्यानंतर, एका नियमाने. नंतरचा नियम आधीच्या सामन्याला लावणे याला कालविपर्यास म्हणतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा दोष पहिल्याच वर्षी शिकवला जातो.

६/ याच नियमाचा फटका चेकांनाही बसला. बोहेमियाच्या चेक फुटबॉल संघटनेला फिफाने सदस्य करून घेतले होते. ऑस्ट्रियाच्या आग्रहामुळे १९०८ मध्ये तिला बाहेर काढले. एकाच शहरातील जर्मनभाषक क्लब आणि चेक संघटना, दोघांनाही एकाच तर्काने दरवाजा दाखवला गेला. तरीही आजचे वाचक एकाला ‘परदेशी’ आणि दुसऱ्याला ‘राष्ट्रीय’ म्हणून मोकळे होतात.

७/ येथे एक आक्षेप येतो : ‘क्लबच्या नावातच जर्मन आहे, मग त्याला चेक इतिहासात जागा कशाला?’ आक्षेप पोकळ नाही. ते नाव सभासदांनी स्वतः निवडले होते आणि शहरातील तणाव खरा होता. १८९७ मध्ये बादेनी यांच्या भाषाविषयक आदेशांवरून वाद पेटला तेव्हा प्रागमध्ये जर्मन व ज्यू दुकानांवर जमावाने हल्ले केले.

८/ पण १८९६ मधील ‘जर्मन’ म्हणजे भाषा, शाळा, वाचन, संस्कृती. साम्राज्याची जनगणनाही वंश विचारत नसे. रोजच्या व्यवहाराची भाषा विचारत असे. १९०० च्या जनगणनेत प्रागमधील निम्म्याहून अधिक ज्यूंनी चेक भाषा नोंदवली. दहा वर्षांपूर्वी बहुसंख्यांनी जर्मन नोंदवली होती. दशकभरात बदलणारी ही नोंद रक्ताचा दाखला म्हणून वाचणे हे अज्ञान आहे.

९/ दुसरे टोकही तितकेच चुकीचे : ‘हा ज्यू क्लब होता.’ १९०९ मध्ये स्थापन झालेल्या व्हिएन्नाच्या हाकोआहसारखे ज्यू राष्ट्रीय भावनेतून उभे राहिलेले क्लब वेगळे होते. डीएफसीचे ज्यू सभासद स्वतःला जर्मन संस्कृतीचे मानत. विसंगती अशी की ज्यांना महासंघाने पहिले अध्यक्ष केले, ते ह्युप्पे वांशिक आरोग्यशास्त्राचे पुरस्कर्ते होते. सभासदांचे संस्कृतीवरील प्रेम एकतर्फी ठरण्याची चिन्हे तेव्हाच दिसत होती.

१०/ पावेल माहरर या एका खेळाडूपुढे सगळी लेबले थिटी पडतात. जन्म तेप्लित्झचा, खेळ डीएफसी प्रागकडून. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो चेकोस्लोव्हाकियाकडून खेळला. पुढे अमेरिकेत तो ब्रुकलिन वाँडरर्सकडून आणि हाकोआह ऑल-स्टार्सकडूनही खेळला. जर्मन क्लब, चेकोस्लोव्हाक गणवेश, ज्यू संघ, खेळाडू एकच. यांतले कोणते लेबल खोटे होते?

११/ मार्च १९३९ मध्ये नाझी सैन्य प्रागमध्ये शिरले. त्याच वर्षी डीएफसी प्रागचा अंत झाला. ज्या संस्कृतीचे नाव या क्लबने चार दशके अभिमानाने मिरवले, तिच्याच नावाने आलेल्या सत्तेच्या राज्यात त्याला जागा उरली नाही. सभासदांनी स्वतःला काय मानले याला आता किंमत नव्हती; आजी-आजोबांचा धर्म पाहिला जात होता.

१२/ माहररला थेरेसिएनश्टाट, म्हणजेच तेरेझीन, येथे डांबण्यात आले. तेथील बराकीच्या चौकात बंदिवानांची फुटबॉल लीग चाले : एका बाजूस सात खेळाडू आणि स्वयंपाकी, खाटीक, कपड्यांचे कोठार अशा कामांवरून संघांची नावे. माहरर या लीगमध्ये खेळला. १९४४ मध्ये नाझींनी प्रचारपटासाठी त्यातील एका सामन्याचे चित्रीकरण केले. चित्रपटाचे बंदिवान दिग्दर्शक कुर्ट गेरॉन यांना त्यानंतर ऑशविट्झमध्ये ठार मारण्यात आले. माहरर वाचला आणि युद्धानंतर अमेरिकेत स्थायिक झाला.

१३/ १९४५ नंतर चेकोस्लोव्हाकियातून जर्मनांची हकालपट्टी झाली. १९३० च्या जनगणनेत ‘जर्मन’ लिहिलेल्या काही बचावलेल्या ज्यूंनाही नागरिकत्वासाठी आपली निष्ठा सिद्ध करावी लागली. नाझींनी ज्यू म्हणून छळले, मुक्त देशाने जर्मन म्हणून संशय घेतला. क्लबची आठवण सांगणारा समाजच प्रागमध्ये उरला नाही. स्लाव्हिया आणि स्पार्टा यांचा इतिहास त्यांचे समर्थक जपतात. डीएफसीसाठी पिढ्यान्‌पिढ्या कोणीही नव्हते.

१४/ २०१६ मध्ये प्रागमध्ये या नावाचा क्लब पुन्हा सुरू झाला. हे स्वागतार्ह आहे. पण नाव परत आणल्याने माणसे परत येत नाहीत. आठवण जपण्याची जबाबदारी केवळ एका नव्या क्लबवर ढकलून चालणार नाही. ती इतिहास लिहिणाऱ्यांची आणि वाचणाऱ्यांचीही आहे.

१५/ म्हणून ‘हा क्लब कोणाचा?’ असे कोणी विचारल्यास आधी ‘कोणत्या वर्षी?’ असे विचारावे. १९०३ मध्ये तो जर्मन फुटबॉलचा घरचा सदस्य होता, १९२४ मध्ये त्याचा खेळाडू चेकोस्लोव्हाकियाकडून खेळत होता आणि १९३९ मध्ये तो कोणाचाच राहिला नाही. प्रागच्या फुटबॉलच्या इतिहासात त्याची जागा तळटीपेत नव्हे, मुख्य मजकुरात आहे.