पिन बसली म्हणजे चार्जर जुळला?

अँड्रॉइड फोन घेताना तीन आकडे बघा: कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल, बॅटरीचे एमएएच आणि चार्जिंगचे वॅट. चार्जर आणि केबल कुठलीही घ्या, आता सगळ्यांची पिन सी-टाइपच आहे. बाकी फार चिकित्सा करू नका, दोन वर्षांनी फोन बदलायचाच असतो. एका लेखकमहाशयांनी अलीकडे मोठ्या आत्मविश्वासानं दिलेला हा सल्ला. त्यांनी तो आणखी विस्तारानं मांडला आहे, पण विस्तार काढून टाकला तर हाती एवढंच उरतं.

हा सल्ला वाचून मला राग आला, आणि तो लपवण्याचं कारण मला दिसत नाही. दरवर्षी नवा फोन घेणाऱ्याला असा सल्ला पचतो. पण जी माणसं हप्त्यावर फोन घेतात, तो तीन-चार वर्षं वापरतात आणि मग घरातल्या धाकट्याच्या हाती देतात, त्यांचं काय? त्यांच्या फोनमध्ये बँक आहे, गॅसचं बुकिंग आहे, मुलांचा अभ्यास आहे. राज्यात २०२१ पासून शेतकरी ई-पीक पाहणीची नोंद स्वतःच्या मोबाइलवरून करतो आणि बांधावर उभं राहून पिकाचा फोटो चढवतो. ऐन वेळी तो फोन बंद पडला, तर आपल्या सल्लागारांचे तीन आकडे त्याच्या काय कामाचे?

आता पिनेचा मुद्दा. सी-टाइप हा जोडणीचा आकार आहे. २०१४ मध्ये त्याचं मानक आलं आणि पिन उलटी-सुलटी बघण्याचा त्रास संपला, हे खरं. पण त्या आकाराच्या पोटात काय चालतं, हा वेगळा विषय आहे. चार्जर आणि फोन आधी आपसात बोलणी करतात. पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी, या पद्धतीत चार्जर सांगतो की मी पाच, नऊ, पंधरा, वीस व्होल्ट देऊ शकतो, आणि फोन त्यातलं हवं ते मागतो. तिचाच पुढचा भाग पीपीएस. त्यात व्होल्टेज अगदी बारीक पायऱ्यांनी कमी-जास्त होतं आणि त्यामुळे फोन कमी तापतो. सॅमसंगचं २५ वॅटचं चार्जिंग या पीपीएसवरच चालतं. वनप्लस, ओप्पो आणि रियलमी यांनी मुळात निराळी वाट धरली: व्होल्टेज कमी ठेवायचं आणि करंट वाढवायचा. त्यासाठी त्यांचा स्वतःचा चार्जर आणि स्वतःची जाड केबल लागते. दोघांची भाषा जुळली नाही, तर फोन निमूटपणे पाच व्होल्टच्या मूळ पातळीवर येतो. मग खोक्यावर ८० वॅट छापलेला फोन तासन्‌तास चार्जिंगला पडून राहतो आणि घरचे म्हणतात, बॅटरी गेली. बॅटरी ठणठणीत असते. चूक असते ती ‘कुठलाही चालतो’ म्हणणाऱ्याची.

आणि केबल! आमच्या महाशयांनी तिला ‘कुठलीही’ या एका शब्दात उरकलं आहे. दोन्ही टोकांना सी-टाइप असलेली साधी केबल तीन अँपियरपर्यंतच करंट नेते. पाच अँपियर हवा असेल, तर तिच्या टोकात ओळख पटवणारी चिप असावी लागते. ती चिप नसेल तर चार्जर कितीही भारी आणा, तो तीन अँपियरवरच थांबतो. तसं तो थांबतो हे चांगलंच, कारण पातळ तारेतून जास्त करंट ढकलला तर तार तापते. जुन्या चौकोनी पिनेच्या चार्जरला सी-टाइप फोन जोडणारी जी केबल असते, तिच्या आत ५६ किलोओहमचा एक इवलासा रोधक बसवणं बंधनकारक आहे. जुन्या चार्जरकडून त्याच्या कुवतीपेक्षा जास्त करंट ओढू नये, हे फोनला त्या रोधकामुळे कळतं. स्वस्त केबलवाल्यांनी तिथे १० किलोओहमचा रोधक टाकला आणि फोनला चुकीची माहिती पोचू लागली. २०१६ मध्ये अशा केबली तपासणाऱ्या एका अमेरिकी अभियंत्याचा लॅपटॉप अशाच एका केबलनं निकामी केला. तिच्यात रोधक तर चुकीचा होताच, शिवाय विजेची आणि ग्राउंडची तार अदलाबदल करून जोडलेली होती. पिन मात्र अगदी व्यवस्थित बसली होती.

खरा धोका अजून पुढेच आहे. चार्जर म्हणजे भिंतीतले २३० व्होल्ट आणि तुमच्या हातातला फोन यांच्यामधला एकमेव पडदा. आत एक चिमुकला ट्रान्सफॉर्मर असतो. त्याच्या दोन बाजूंच्या तारांमध्ये पक्कं इन्सुलेशन लागतं आणि सर्किटवर काही मिलिमीटरची मोकळी जागा राखावी लागते. पैसे वाचवायचे झाले की पहिली कात्री इथेच लागते, कारण हे बाहेरून दिसत नाही. हलक्या चार्जरवर फोन लावला की स्क्रीन आपोआप हलते, बोट एकीकडे आणि टच दुसरीकडे, हा अनुभव अनेकांना आहे. चार्जरमधून येणाऱ्या अशुद्ध विजेचा तो गोंधळ असतो. चार्जर काढताच स्क्रीन सुधारते, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. ज्या गावांत भारनियमनानंतर वीज झटक्यानं येते आणि व्होल्टेज खाली-वर होतं, तिथे असा चार्जर उशाशी लावून झोपायला सांगणं बेजबाबदारपणाचं आहे. हे मी पूर्ण गांभीर्यानं म्हणतो आहे.

असे सल्ले देणाऱ्या मंडळींशी माझा जुना वादही आहे. नवा फोन आधी सलग आठ तास चार्ज करा, बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय पिन लावू नका, असं ते एके काळी छातीठोकपणे सांगत. ते नियम निकेलच्या जुन्या बॅटऱ्यांचे होते. लिथियम-आयन बॅटरीला शून्यापर्यंत उतरवणंच जाचतं आणि उन्हात किंवा उशीखाली तापणं त्याहून जाचतं. आम्ही हे तेव्हाही सांगितलं आणि आम्हाला पुस्तकी म्हणून हिणवलं गेलं. आज फोनमध्येच ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय येते, आणि तेव्हा हिणवणारे त्यावर गप्प आहेत. त्यांचीच दुसरी भीती अशी, की जास्त वॅटचा चार्जर फोन जाळतो. तीही खोटी. करंट किती घ्यायचा हे फोन ठरवतो. चांगल्या बनावटीच्या ६५ वॅटच्या लॅपटॉप चार्जरवर साधा फोन बिनधास्त लावावा.

मेगापिक्सेलचं सांगायचं तर ५० मेगापिक्सेलचे बहुतेक कॅमेरे चार-चार ठिपके एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतात. एमएएचचं म्हणाल तर १०,००० एमएएचच्या पॉवरबँकच्या पाठीवर बारीक अक्षरात छापलेली प्रत्यक्ष क्षमता वाचा, ती सहा हजारांच्या आसपास निघते.

आणि ते दोन वर्षांचं तत्त्वज्ञान! अँड्रॉइडच्या त्रुटी बुजवणारे सुरक्षा अपडेट २०१५ पासून दर महिन्याला निघतात. ते तुमच्या फोनपर्यंत किती वर्षं पोचणार, हे कंपनी ठरवते. गुगलनं पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगनं एस२४ पासून सात वर्षांचं वचन दिलं आहे. महागड्या फोनांचं सोडा, सॅमसंगच्या ए१६ सारख्या साध्या फोनलाही सहा वर्षांचं वचन आहे. युरोपीय संघानं जून २०२५ पासून नियमच केला: ८०० वेळा चार्ज होऊनही बॅटरीत ८० टक्के क्षमता उरली पाहिजे, आणि मॉडेलची विक्री थांबल्यावरही पाच वर्षं अपडेट मिळाले पाहिजेत. जग फोनचं आयुष्य वाढवायला निघालं आहे आणि आमचे सल्लागार आपल्या लोकांना तो लवकर टाकून द्यायला शिकवत आहेत.

मग घ्यावं काय? अपडेट किती वर्षं मिळणार ते कंपनीच्या संकेतस्थळावर वाचा. दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. बॅटरी आणि स्क्रीन बदलून देणारं अधिकृत सेवा केंद्र तुमच्या तालुक्यात, निदान जिल्ह्याच्या गावी आहे का, ते बघा. खोक्यात चार्जर आला असेल तर तोच वापरा. नसेल, तर फोन कोणती पद्धत मागतो ते पाहून तिचाच चार्जर घ्या. फोन पीडी आणि पीपीएसवर चालत असेल, तर तसं स्पष्ट लिहिलेला कुठल्याही चांगल्या कंपनीचा चार्जर चालेल. केबलवर अँपियर किंवा वॅट छापलेले असावेत. चार्जरवर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि त्याखाली इंग्रजी ‘आर’ अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. तो क्रमांक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. हे काउंटरवर उभ्या उभ्या होतं, आणि पैसे देण्याआधी करावं. क्रमांक नसेल, किंवा अ‍ॅपमध्ये भलत्याच उत्पादकाचं नाव आलं, तर चार्जर परत करा. दुकानदार म्हणेल, साहेब, सगळे हाच नेतात. त्याला म्हणू द्या.