पोर्टमध्ये काय गळाले?

आमच्याकडे तुलनात्मक लेख येतात, त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात तक्त्याने होते. डावीकडे प्रोसेसर, मेमरी, साठवण, किंमत. वर यंत्रांची नावे. आणि ज्याचे आकडे मोठे त्याला पहिला क्रमांक. गेम विकत घेणाऱ्याचे तेवढ्यावर भागत असेल. हे मासिक मात्र गेम लिहिणाऱ्यांचे आहे, आणि लिहिणाऱ्याला असा तक्ता चुकीच्या वाटेला लावतो. म्हणून या अंकापासून कन्सोलच्या तुलनेचे लेख आम्ही एका नव्या अटीवर स्वीकारणार आहोत. ती अट का घालावी लागली हे समजण्यासाठी तीस वर्षांपूर्वीची एक स्पर्धा पाहू.

सेगाचा सॅटर्न जपानात २२ नोव्हेंबर १९९४ रोजी बाजारात आला. सोनीचे प्लेस्टेशन त्यानंतर अकरा दिवसांनी, ३ डिसेंबरला आले. निन्टेन्डो ६४ ला जून १९९६ उजाडला. आपल्याकडे तेव्हा घरोघरी टीव्हीला जोडलेले असत ते निन्टेन्डोच्या जुन्या आठ बिटी यंत्राच्या नकला; या तिघांची झुंज बहुतेकांनी नंतर, एम्युलेटरवर पाहिली. तक्ता मांडला तर निकाल लागलेलाच आहे. निन्टेन्डोचा मुख्य प्रोसेसर ९३.७५ मेगाहर्ट्झचा, प्लेस्टेशनचा जेमतेम ३४, सॅटर्नमध्ये २८.६ चे दोन. निन्टेन्डोची चित्रचिप सिलिकॉन ग्राफिक्सने बनवलेली. कोणती वस्तू पुढे आणि कोणती मागे याची प्रत्येक ठिपक्यागणिक नोंद ती स्वतः ठेवी आणि टेक्स्चर अंतराच्या हिशेबाने नीट बसवी. प्लेस्टेशनला यातले काहीच येत नसे. कॅमेरा जवळ गेला की त्याच्या फरश्या आणि भिंती वाकड्या होत, आकृत्यांचे कोपरे थरथरत.

तरीही आमचे मत स्पष्ट आहे. त्या पिढीतला सर्वांत चांगला कन्सोल प्लेस्टेशन होता. विक्रीचा आधार आम्ही यासाठी घेत नाही. प्लेस्टेशन दहा कोटींच्या वर खपले, निन्टेन्डो ६४ सुमारे ३ कोटी २९ लाख, आणि सॅटर्न एक कोटीलाही पोचला नाही. पण खपामागे जाहिरात असते, किंमत असते, दुकानदारांशी असलेले संबंध असतात. मे १९९५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पहिल्या ई-थ्री प्रदर्शनात सेगाने सॅटर्न ३९९ डॉलरला तिथल्या तिथे विक्रीला काढला आणि त्याच दिवशी सोनीने आपली किंमत २९९ सांगितली. त्या शंभर डॉलरच्या फरकाने किती घरे फिरली असतील ते असो. आमचे मत बनले आहे ते एकच गेम दोन यंत्रांवर ठेवून पाहिल्याने.

सुरुवात सॅटर्नपासून करू, कारण सर्वांत जास्त अन्याय त्याच्यावर झाला आहे आणि त्याचे दोषही सर्वांत शिकण्यासारखे आहेत. आत दोन हिताची एसएच-२ प्रोसेसर, चित्रासाठी दोन स्वतंत्र चिप्स, आवाजासाठी मोटोरोलाचा वेगळा प्रोसेसर, सीडी वाचायला आणखी एक. दोन्ही एसएच-२ एकाच बसवरून मेमरीकडे जात. एक मेमरीशी बोलत असला की दुसऱ्याने थांबायचे. एका चुलीवर दोघींनी स्वयंपाक करावा तसा प्रकार. दुसऱ्याला खरोखर कामाला लावायचे तर त्याचा सगळा माल त्याच्या छोट्या कॅशमध्ये मावेल असा कोड लिहावा लागे. त्यात सॅटर्न त्रिमिती आकृत्या चौकोनांनी रेखाटी, आणि बाकीच्यांची हत्यारे त्रिकोणांच्या बाजूने चालली होती.

हे सगळे पचवणारा संघ सेगाच्या घरातच होता. एएम-२ ने १९९५ च्या अखेरीस ‘व्हर्च्युआ फायटर २’ सॅटर्नवर आणला: सेकंदाला ६० फ्रेम, आणि तेही वरच्या रिझोल्यूशनमध्ये. आर्केडच्या मूळ यंत्रात मागचा देखावा त्रिमितीत होता. सॅटर्नवर तो सपाट थरांचा झाला, आणि ते थर सरकवायचे काम दुसऱ्या चित्रचिपला दिले गेले, कारण ती त्यासाठीच घडलेली होती. काय सोडायचे हे यंत्राचा स्वभाव ओळखून ठरवले की पोर्ट कसा होतो, याचा याहून चांगला धडा आम्हाला माहीत नाही.

आता दोन द्विमिती गेम घ्या. कॅपकॉमचा ‘एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर’ १९९७ मध्ये जपानात सॅटर्नवर आला तो ४ एमबी जादा मेमरीच्या कार्ट्रिजसह. लढतीच्या मधेच आपला गडी बदलून जोडीदाराला आत आणायचे, हा त्या गेमचा प्राण. प्लेस्टेशनच्या आवृत्तीत तोच काढून टाकावा लागला, कारण चार गड्यांच्या हालचालींची चित्रे एका वेळी मेमरीत मावेनात. याच्या उलट कोनामीचा ‘सिंफनी ऑफ द नाइट’. तो १९९७ मध्ये प्लेस्टेशनवर आला, पुढल्या वर्षी सॅटर्नवर. सॅटर्नवर नवी दालने मिळाली, आणखी एक पात्र खेळता आले. पण लोडिंग वाढले आणि धुके, प्रकाश, पडदे यांची पारदर्शकता गेली. सॅटर्नची एक चिप जे रेखाटी ते दुसऱ्या चिपने मांडलेल्या पार्श्वभूमीत सहज विरघळत नसे. मग एक ठिपका रंगवायचा, एक सोडायचा अशी जाळी टाकून वेळ निभावली.

द्विमितीत सॅटर्न श्रेष्ठ, असे सरसकट वाक्य आपल्या क्षेत्रात वर्षानुवर्षे फिरते आहे. पहिला गेम ते खरे ठरवतो, दुसरा खोटे. मेमरी अपुरी पडते तिथे सॅटर्न जिंकतो. रंगात रंग मिसळायचा असेल तिथे हरतो. लिहिणाऱ्याच्या उपयोगाचे वाक्य हे आहे, आणि ते कुठल्याही तक्त्यातून निघत नाही.

निन्टेन्डो ६४ ची अडचण वेगळी. टेक्स्चरसाठी चिपच्या पोटात जागा अवघी ४ केबी. सोळा बिटी रंगात ३२ बाय ६४ ठिपक्यांची एक प्रतिमा भरली की ती संपली. तेवढीच प्रतिमा भल्या मोठ्या भिंतीवर ताणायची आणि गाळणीने गुळगुळीत करायची, म्हणून त्या यंत्राचे गेम धूसर दिसतात. मुख्य मेमरी भरपूर माल वाहून नेई, पण मागितल्यावर पहिला बाइट यायला वेळ लावी. चित्रचिपचा मायक्रोकोड स्वतः लिहिला तर पुष्कळ वेग मिळे, पण ते दार फार थोड्यांसाठी उघडले. फॅक्टर ५ सारखे मोजके संघ तिथवर पोचले. शिवाय निन्टेन्डोने सीडी नाकारून कार्ट्रिज ठेवले. सीडीत ६५० एमबी मावत. कार्ट्रिज ४ पासून फार तर ६४ एमबीपर्यंत, वर महाग, आणि मागणी बरीच आधी नोंदवायची. स्क्वेअरने ‘फायनल फँटसी ७’ निन्टेन्डोला न देता प्लेस्टेशनला दिला आणि १९९७ मध्ये तो तीन सीडींवर आला. एंजल स्टुडिओजने १९९९ मध्ये दोन सीडींचा ‘रेसिडेंट ईव्हिल २’ चित्रफितींसकट ६४ एमबीच्या कार्ट्रिजमध्ये बसवला. ते काम थक्क करणारे आहे, प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावे असे आहे. पण ज्या यंत्रावर साधा पोर्ट करायलाही असा पराक्रम लागतो, ते यंत्र आपल्या माणसांकडून फार मागते.

या दोघांशेजारी प्लेस्टेशन ठेवा. एक मुख्य प्रोसेसर, त्याच्याच चिपवर भूमितीचे गणित करणारा सहायक, एक चित्रचिप. कामाचा मार्ग एकच आणि सरळ. सी भाषेतल्या लायब्ररी, साध्या पीसीत बसणारी डेव्हलपमेंट कार्डे. त्याचे दोषही उघडे होते, आणि उघडे दोष भरून काढता येतात: फरशी वाकते तर तिचे तुकडे पाडा, मागचे-पुढचे यंत्राला कळत नाही तर रेखाटण्याचा क्रम आपणच लावा. नॉटी डॉगने ‘क्रॅश बँडिकूट’च्या नायकाच्या अंगावर टेक्स्चर जवळजवळ चढवलेच नाही, नुसत्या रंगछटांवर त्याला उभा केला, आणि तो त्या पिढीतल्या सर्वांत सुबक पात्रांपैकी एक ठरला. सामान्य कुवतीच्या संघाला सहा महिन्यांत बऱ्यापैकी चित्र मिळे आणि कसबी संघाला त्यापुढे वर्षानुवर्षे खणायला जागा उरे. आम्ही श्रेष्ठ म्हणतो ते याला. निन्टेन्डोची अॅनालॉग दांडी मात्र त्या पिढीची खरी देणगी. ‘सुपर मारिओ ६४’ हातात घेतल्यावर ते कोणालाही पटते, आणि सोनीलाही वर्षभरात तिच्यामागे जावे लागले.

हे जुन्या यंत्रांपुरते आहे असे कोणी म्हणेल, तर २०२३ पाहा. तक्त्यात एक्सबॉक्स सिरीज एक्स १२ टेराफ्लॉपचा आणि प्लेस्टेशन ५ सुमारे १०.३ चे. ‘बाल्डर्स गेट ३’ सप्टेंबरमध्ये प्लेस्टेशनवर आला, एक्सबॉक्सवर डिसेंबरमध्ये. अडले होते धाकट्या सिरीज एसपाशी. मायक्रोसॉफ्टचा नियम असा की दोन्ही भावंडांवर सोयी सारख्याच हव्यात. आणि सिरीज एसच्या १० जीबी मेमरीत दोघांनी एका पडद्यावर खेळण्याची सोय बसेना. शेवटी तेवढ्यापुरती सूट मिळाली, ती सोय वगळून गेम निघाला, आणि ती सिरीज एसवर आली २०२५ मध्ये. बारा टेराफ्लॉपचा रकाना त्या संघाच्या कामी आला नाही. त्यांना भिडली ती दहा जीबी, आणि तो नियम.

आता अट. दोन कन्सोलची तुलना पाठवायची असेल तर दोन्हींवर आलेला एकच गेम निवडा. कोणत्या यंत्रावर काय गळाले, काय नव्याने आले, ते नोंदवा आणि त्याचे कारण यंत्राच्या आत शोधा: मेमरी, बस, साठवण, हत्यारे, की कंपनीचा करार. मग कौल द्या, आणि ठामपणे द्या. दोघेही आपापल्या जागी चांगले, असे लिहिलेले लेख आम्ही परत पाठवू. स्वतः पोर्ट केला असेल तर फारच उत्तम. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ ऑगस्ट २०२० मध्ये आधी निन्टेन्डो स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन व पीसीवर. तिघांत सर्वांत दुबळ्या कन्सोलवर पहिले पाऊल टाकायचे तर सावल्या, टेक्स्चर, मेमरी यांचा हिशेब कसा मांडावा लागतो, याचे मराठीत लिहिलेले टिपण आम्हाला हवे आहे. तुमच्यापैकी अनेकांनी मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंत परक्या गेमचे पोर्ट केले असतील. करारात बसेल तेवढे लिहा, गेमचे नाव गाळा, पण मोजमापे गाळू नका: फ्रेमला किती मिलिसेकंद लागत होते, कशाने किती वाचले, आणि काढून टाकलेली कोणती गोष्ट तुम्हाला अजून खटकते.