दहा कोअर आणि दाखल्याची रांग

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून शाळा, ग्रामपंचायती, पतसंस्थांमध्ये जुने कॉम्प्युटर बदलायचा विषय निघतोय. विक्रेते ऑल-इन-वन दाखवतात. वेगळा सीपीयू नाही, वायरींचा गुंता नाही, टेबल मोकळं. आणि एक वाक्य ठरलेलं, "साहेब, दहा कोअर आहेत!"

माझं मत सरळ आहे. दाखले, एक्सेल आणि टायपिंगसाठी जादा कोअरचे पैसे मोजणं ही जनतेच्या पैशाची उधळपट्टी आहे.

कोअर म्हणजे काम करणारे हात. पण काम वाटून घेता आलं तरच जादा हातांचा उपयोग. जीन अॅम्डाल यांनी १९६७ साली हा मुद्दा मांडला. त्याच हिशेबाने, निम्मं काम एकामागून एकच करावं लागत असेल, तर शंभर कोअर लावले तरी वेग दुपटीवर जात नाही. आणि आपलं बहुतेक काम ब्राउझरमध्ये. तिकडे सर्व्हर अडकला की इकडे दहाही कोअर हातावर हात ठेवून बसतात, आणि रांगेतल्या म्हातारीला "उद्या या" ऐकावं लागतं.

बरं, ते दहा कोअर तरी नीट मोजा. इंटेलच्या आय-५ १२३५-यू मध्ये दोनच ताकदीचे आहेत, बाकी आठ छोटे, वीज वाचवणारे. डेस्कटॉपच्या आय-५ १२४०० मध्ये सहाच आहेत, पण सहाही ताकदीचे. पहिल्याची मूळ वीजमर्यादा १५ वॅट, दुसऱ्याची ६५. ऑल-इन-वनच्या पातळ अंगात उष्णता बाहेर पडायला जागा कमी, म्हणून बऱ्याच मॉडेलमध्ये लॅपटॉपचाच प्रोसेसर बसवतात. त्यात एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखालची खोली! मशीन फार तापलं की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो.

जादा कोअर वायाच जातात असं नाही. मी बातम्यांचे व्हिडिओ एडिट करतो, फाइल एक्सपोर्ट करताना ते कामाला येतात. पण जन्मदाखला काढायला कोणी व्हिडिओ एडिट करत नाही.

मग पैसा कुठे घालायचा? हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, १६ जीबी रॅम आणि एक चांगला यूपीएस. रोजच्या कामातला फरक इथे दिसतो. शिवाय ऑल-इन-वनमध्ये स्क्रीन गेली की अख्खं मशीन दुरुस्तीला जातं, तेवढे दिवस खिडकी बंद. साध्या डेस्कटॉपला दुसरा मॉनिटर जोडला की काम सुरू.

ग्रामपंचायत सदस्य आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनो, कोटेशन समोर आलं की तीन प्रश्न विचारा. प्रोसेसरचं पूर्ण मॉडेल कोणतं? रॅम पुढे वाढवता येते का? बिघाड झाला तर दुरुस्ती तालुक्याला होते की जिल्ह्याला?

उत्तरं प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या. बिल निघाल्यावर ओरडून उपयोग नाही.