पडद्यावरचा दिवा आणि हातांतला दिवा

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं आज जो दिवा जळतो, त्यांत तार तापून पांढरी होत नाहीं, कीं कसला वायु उजळत नाहीं. एका लहानशा अर्धवाहक स्फटिकांतून विद्युत्प्रवाह जातो आणि त्याचाच प्रकाश होतो. यास प्रकाश-उत्सर्जक डायोड, अथवा सर्वांच्या तोंडीं असलेल्या नांवानें एलईडी, असें म्हणतात. निक होलोनियाक यांनीं 1962 सालीं अमेरिकेंत डोळ्यांस दिसणाऱ्या तांबड्या प्रकाशाचा एलईडी करून दाखविला. निळा प्रकाश मात्र बराच काळ साधेना. तो ज्यांनीं साधला त्या अकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघां शास्त्रज्ञांस 2014 सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. एवढ्या मोठ्या परंपरेचा हा चिमुकला दिवा आज बाजारांत रुपया-दोन रुपयांस मिळतो. अशी वस्तु मुलांच्या हातीं कशी द्यावी, याविषयीं दोन शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

त्यास निमित्तही तसेंच घडलें. गेल्या वर्षीं विज्ञान-प्रदर्शनाच्या तयारींत आठवीच्या एका मुलानें चार एलईडी विकत आणले आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीस एकेक करून सरळ जोडले. पहिला क्षणभर लख्ख उजळला आणि कायमचा विझला. दुसऱ्याची व तिसऱ्याची तीच गति झाली. चौथा त्यानें खिशांत घातला आणि “सर, हें माझ्या हातून व्हावयाचें नाहीं,” असें म्हणून तो निघून गेला. त्याच आठवड्यांत नववींतील एका मुलीनें शाळेच्या संगणकावर पडद्यावरच्या पडद्यावर सुरेख परिपथ रचला. सहा दिवे एका वेळीं लागले. परंतु तोच परिपथ तिनें खऱ्या तारांनीं जोडला तेव्हां एकही दिवा लागेना. ती रडवेली होऊन आली. “सर, पडद्यावर तर लागला होता!” आम्हीं म्हटलें, “अग, त्याचा लांब पाय कोणीकडे आहे तें आधीं बघ बरें.” दिवे उलटे बसविलेले होते.

पहिल्या मुलास चुकण्याची सोय मिळाली नाहीं. दुसरीस खऱ्या वस्तूची ओळख झाली नाहीं. दोघांचें दुःख एकाच जातीचें आहे, आणि त्यावर उपायही एकच आहे, असें आमचें मत झालें आहे.

प्रथम पहिल्या मुलाचें काय चुकलें तें पाहूं. एलईडीचा स्वभाव जुन्या तारेच्या दिव्याहून निराळा आहे. तारेचा दिवा तापला कीं त्याचा रोध वाढतो व तो स्वतःस थोडाबहुत आवरून धरतो. एलईडी तसें करीत नाहीं. तांबड्या एलईडीवर सुमारें दोन व्होल्ट दाब आला कीं तो उजळतो. त्यापुढें दाब थोडासा वाढला तरी प्रवाह भलताच वाढतो. म्हणून शेताच्या पाटास जसें दार लागतें, तसा या दिव्यास एक रोधक, बाजारांतील भाषेंत रेझिस्टर, जोडावा लागतो. तो किती मोठा असावा हें जॉर्ज ओहम यांनीं 1827 सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमानें सांगतां येतें. बॅटरी नऊ व्होल्टची, त्यांतून दिव्याचे दोन गेले, सात उरले. प्रवाह 20 मिलिअँपिअरच्या पुढें जाऊं द्यावयाचा नाहीं. सातास 0.02 नें भागिलें कीं 350 ओहम येतात. बाजारांत नेहमीं मिळणारे रोधक 330 व 390 ओहमचे. 330 चा घेतला तर प्रवाह 21 मिलिअँपिअरांवर जातो, 390 चा घेतला तर तो सुमारें 18 राहतो. म्हणून 390 चा घ्यावा. त्यावर नारिंगी, पांढरा व तपकिरी असे पट्टे असतात. चार ओळींचें हें गणित त्या मुलास ठाऊक असतें, तर त्याचे तीन दिवे वांचले असते; आणि दिव्यांहून मोलाची वस्तु, म्हणजे त्याची उमेद, तीही वांचली असती.

आतां कोणी म्हणेल, हें गणित फळ्यावर शिकवावें, संगणकाची कटकट कशाला? तर फळ्यावरचें गणित चुकलें तर गुरुजी तांबडी फुली मारतात आणि तेथेंच गोष्ट संपते. पडद्यावर मात्र चूक आपलें फळ स्वतः दाखविते. टिंकरकॅडसारख्या संकेतस्थळावर बॅटरी, एलईडी व तारा यांचीं चित्रें मांडून बटण दाबलें, आणि मध्यें रोधक नसला, तर दिव्यावर स्फोटाची खूण उमटते. प्रवाह थोडाच अधिक असेल तर सावधगिरीची सूचना येते. मुलानें रोधक बदलावा, पुन्हां बटण दाबावें. दहा वेळां चुकलें तरी दहा पैसेही खर्च होत नाहींत. ज्याच्या घरीं दुसरे चार एलईडी आणावयास पैसे नाहींत, त्या मुलास हें केवढें स्वातंत्र्य आहे! चुकण्याची मुभा ही आजवर सधनांच्या मुलांची मिरास होती. ती सर्वांस मिळावी, हें आम्हांस या साधनाचें पहिलें महत्त्व वाटतें.

शिवाय हें कोणीं मुलांच्या करमणुकीसाठीं काढलेलें खेळणें आहे, असें पालकांनीं समजूं नये. परिपथ बांधण्यापूर्वीं त्याचें वर्तन गणितानें पडताळून पाहण्याची ही रीति अभियंत्यांची आहे. अमेरिकेंतील बर्कली येथील विद्यापीठांत 1973 च्या सुमारास स्पाइस नांवाची आज्ञावली तयार झाली, ती याच कामाकरितां. एका लहानशा चकतीवर शेंकडों भाग कोरले कीं मग त्यांतील एकही भाग काढून बदलतां येत नाहीं. म्हणून कोरण्यापूर्वींच सर्व पाहून घेणें त्या लोकांस भाग पडलें. आपल्या पवईच्या आयआयटींतही ईसिम नांवाचें असेंच साधन सर्वांसाठीं विनामूल्य व खुलें केलेलें आहे. जी शिस्त मोठमोठे अभियंते पाळतात, तिचा पहिला धडा आठवी-नववींत मिळत असेल, तर तो खेळ म्हणून हिणवावयाचा कां?

एवढें सांगितल्यावर दुसऱ्या पक्षाकडे वळणें आमचें कर्तव्य आहे. कांहीं उत्साही मंडळींस वाटूं लागलें आहे कीं, पडद्यावर सर्व होत असतां तारा, रोधक व ब्रेडबोर्ड यांचा पसारा हवा कशाला? प्रयोगशाळेचा खर्च वांचला, कपाट झाडावयास नको! हें मत आम्हांस घातक वाटतें. पडदा सांगतो तें खोटें नसतें, पण तें अपुरें असतें. पडद्यावरची तार कधीं सैल होत नाहीं. खऱ्या ब्रेडबोर्डाचें भोंक जुनें झालें कीं तार त्यांत नुसती टेकते, धरत नाहीं. पडद्यावरची बॅटरी कितीही वेळ नऊ व्होल्टच देते. खरी बॅटरी दमते, आणि तिच्या पोटांतही थोडा रोध असतो. पडद्यावरचा 390 ओहमचा रोधक नेमका 390 चा असतो. खऱ्यावर सोनेरी पट्टा असेल तर तो शंभरांत पांच इतका इकडे-तिकडे असण्याची मुभा कारखान्यासच असते. पडद्यावरचे दोन एलईडी जुळ्या भावांहूनही सारखे असतात. ते एकाच रोधकावर शेजारीं-शेजारीं जोडले तर प्रवाह निम्मा-निम्मा वांटून घेतात. खऱ्यांत एक थोडा अधिक खातो व दुसरा मंद राहतो, म्हणून प्रत्येक शाखेस वेगळा रोधक द्यावा लागतो. हें सर्व मुलास कळावयाचें तर त्यानें खरी वस्तु हातांत घेतलीच पाहिजे. पाण्यांत पडल्याशिवाय पोहतां येत नाहीं, हें आपले वाडवडील उगीच सांगत नव्हते.

याहूनही एक गंभीर गोष्ट आहे, ती प्रत्येक पालकानें ध्यानांत ठेवावी. पडद्यावर विजेचा धक्का बसत नाहीं. तेथें दिवा फुटला तर मूल हंसतें, आणि हंसावेंच. परंतु हीच बेफिकिरी घेऊन तें दिवाळीच्या आकाशकंदिलाची तार भिंतींतील प्लगमध्यें खुपसावयास गेलें, तर तेथें 230 व्होल्टचा दाब आहे, आणि तो चुकीबद्दल पुन्हां बटण दाबावयास सांगत नाहीं. म्हणून मुलांचे सारे प्रयोग बॅटरीवरच व्हावेत, घरांतील विजेवर कदापि नव्हेत, हा नियम घरोघरीं व वर्गोवर्गीं पाळला गेला पाहिजे. पडदा जें शिकवूं शकत नाहीं त्यांतील पहिली वस्तु म्हणजे विजेविषयींचा आदर; तो आईबापांनीं आणि शिक्षकांनींच शिकवावयाचा आहे.

मग करावें काय? आमचें उत्तर तीन शब्दांत सांगतां येतें: वही, पडदा, हात. प्रथम विद्यार्थ्यानें वहींत परिपथाची आकृति काढावी, रोधकाचें गणित करावें आणि काय घडेल तें आपल्या शब्दांत लिहून ठेवावें. नंतर पडद्यावर तो परिपथ रचून आपलें भाकीत खरें ठरतें कीं नाहीं तें पाहावें. शेवटीं तोच परिपथ खऱ्या वस्तूंनीं जोडावा, आणि पडद्यांत व हातांत कोठें फरक पडला तो पुन्हां वहींत लिहावा. या फरकाचीं जीं कारणें सांपडतील, तेंच खरें विज्ञान होय. वही न उघडतां बटणें दाबीत सुटणारें मूल दिवा लागेपर्यंत रोधक बदलीत राहतें आणि दिवा लागला कीं कांहीं न शिकतां उठतें. अशा मुलाविषयीं पालक जेव्हां म्हणतात कीं “हा नुसता मोबाइलशीं खेळतो,” तेव्हां त्यांचें म्हणणें आम्हांसही मान्य करावें लागतें.

पालकांपाशीं आमचें मागणें फार नाहीं. पुष्कळ घरीं मोबाइल एकच असतो व तो वडिलांबरोबर कामावर जातो, हें आम्ही जाणतों. आठवड्यांतून एक तास तो मुलाच्या किंवा मुलीच्या हातीं द्यावा आणि शेजारीं वही आहे कीं नाहीं एवढें पाहावें. “किंवा मुलीच्या” हें आम्ही मुद्दाम लिहितों. कारण तार, पक्कड व बॅटरी हीं मुलाचीं खेळणीं, अशी समजूत अद्याप कित्येक घरीं आहे. आपलें मूल संकेतस्थळावर आपलें नांव-पत्ता देईल अशी भीति ज्यांस वाटते, त्यांनीं शिक्षकांस विचारावें. शिक्षकानें वर्ग उघडून दिला असतां विद्यार्थी ईमेल पत्ता न देतां, एका सांकेतिक शब्दानें व टोपणनांवानें, त्यांत काम करूं शकतात. शाळेपाशीं आमचें मागणें असें कीं, ज्यांच्या घरीं हें एक तासाचेंही साधन नाहीं, त्यांच्याकरितां शाळा सुटल्यावर संगणकाची खोली उघडी राहावी. आणि प्रदर्शनांत गुण देतांना परीक्षकांनीं झगमगणाऱ्या प्रतिकृतीपेक्षां वही आधीं मागावी. विकत आणलेल्या तयार प्रकल्पास वही नसते. स्वतः चुकत-माकत केलेल्यास ती असते, व तींत खोडाखोडही असते. ती खोडाखोड आम्हांस पहिल्या बक्षिसास पात्र वाटते.

विद्यार्थिमित्रहो, आतां थोडें तुमच्याशीं बोलावयाचें आहे. येत्या दिवाळींत आकाशकंदील कराल तेव्हां त्यांत एलईडी लावून पाहा. तीन तांबडे एलईडी एकापुढें एक जोडले तर त्यांस सहा व्होल्ट लागतात. नऊंतून तीन उरतात. त्यांपुढें 220 ओहमचा रोधक घातला तर प्रवाह किती वाहील, तें आम्ही येथें सांगत नाहीं. तुमच्या वहींत काढा, पडद्यावर पडताळा, आणि मगच बॅटरी जोडा. लांब पाय बॅटरीच्या धन टोंकाकडे, हें विसरूं नका.

त्या आठवींतील मुलाची गोष्ट मात्र पुरी करावयाची राहिली आहे. खिशांत घातलेला चौथा दिवा त्यानें टाकून दिला नव्हता. नववींतील त्या मुलीनें त्याला संगणकापुढें बसविलें, आपली वही त्याच्यापुढें ठेविली, आणि त्यानें तिचे उलटे दिवे सरळ करावयास मदत केली. प्रदर्शनाच्या दिवशीं दोघांनीं मिळून मांडलेल्या पेटींत सात दिवे जळत होते. सहा तिचे आणि एक त्याचा. तो सातवा दिवा इतरांहून किंचित् मंद होता. कां, असें आम्हीं विचारलें तेव्हां त्यानें न डगमगतां उत्तर दिलें, “सर, त्याला रोधक मोठा लावला आहे. हा एकच उरला होता, म्हणून जपला.”

अशा मुलांच्या हातीं पडदाही द्यावा आणि तारही द्यावी, असें आमचें मत आहे.